उजव्या खांद्यावरची पाकळी

आमच्या देवघरातली, माझ्या माहेरून आलेली पितळेची भवानी जेमतेम वीतभर आहे. तिला दोन खांदे आहेत, आणि त्या दोन खांद्यांवर आमच्या घराण्याने आजवर काय काय लादलंय ते आठवलं की मला तिची दया येते. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, म्हैस विकायची, काहीही अडलं की शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या. एक तिच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. हात जोडून प्रश्न विचारायचा आणि समोर बसून राहायचं. पाणी वाळलं की दोघींपैकी एक पाकळी आधी गळते. उजवी गळली तर हो, डावी गळली तर नाही. याला आम्ही कौल म्हणतो. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, तलवार गाजवायचे म्हणे. घरात मात्र पाकळी पडल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

मागच्या वर्षी माझ्या नातीला दोन विद्यापीठांतून बोलावणं आलं. दोन्हीकडे परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत, आणि एवढं करून मोजक्याच पोरांना घेतात. एक बेंगळुरूचं. बसने चार तास, म्हणजे शनिवारी सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला घरी. दुसरं दिल्लीच्याही पलीकडे.

माझा मुलगा आणि सून दोघंही इथे म्हैसूरलाच, हेब्बाळच्या एका कंपनीत आहेत. सकाळी साडेसातला कंपनीची बस कोपऱ्यावरून त्यांना उचलते आणि संध्याकाळी सातला परत आणून टाकते. मुलाला कुठलीही गोष्ट तक्ता काढल्याशिवाय समजत नाही. त्याने लॅपटॉपवर दोन्ही विद्यापीठांचा तक्ता केला: नाव, शिक्षक, हॉस्टेल, जेवण, हवा, पुढे नोकरी. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज दोन्हीकडे सारखीच आली.

"दोन्ही छान आहेत, पुट्टी. तुझं तू ठरव," असं नातीला म्हणून तो बस पकडायला गेला.

त्या तक्त्यात 'अज्जी', म्हणजे आजी, असा रकाना नव्हता. मी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

खरं तर फरक सगळ्या घराला ठाऊक होता. ही पोरगी चार वर्षांची असल्यापासून परसातल्या नारळाच्या बुंध्याशी उकिडवी बसून मुंग्या बघते. कुठली रांग कुठून निघाली, कुठे वळली, ते वहीत लिहिते. माझ्या साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या तर मारायच्या नाहीत, चमच्यावर घेऊन बाहेर सोडायच्या, असा आमच्याकडे कायदा आहे आणि तो मोडल्याबद्दल मी बोलणीही खाल्ली आहेत. बेंगळुरूच्या विद्यापीठाचं नाव मोठं. रिक्षावाल्यालाही माहीत. पण तिथे पहिली दोन वर्षं नुसती पुस्तकं. त्या लांबच्या ठिकाणी एक बाई आहेत, त्यांनी मुंग्यांवरच केस पिकवलेत, आणि त्या पहिल्या वर्षापासून पोरांना जंगलात नेतात. मुलाखतीत त्या बाईंशी बोलून आली तेव्हा नात अर्धा तास नुसती घरभर फिरत होती. खालीच बसेना.

मी तेव्हाच ओळखलं की ही जाणार. आणि त्या दिवसापासून मी बेंगळुरूचं कौतुक सुरू केलं. तिथली हवा, तिथली फुलं, तिथली बससेवा. बससेवेबद्दल मी इतकं चांगलं बोलले की सून म्हणाली, "आई, तुम्हाला बसवाल्यांनी नेमलंय का?"

माझी सून नागपूरकडची. तिची मराठी इस्त्री केलेली. मुलगा माझ्याशी कानडीत बोलतो, तिच्याशी मराठीत आणि फोनवर इंग्रजीत. आमच्या आजोळ-माहेरची जी कानडी मिसळलेली, वाटेत कुठेही वळणारी मराठी आहे, ती या घरात आता माझ्याशी एकच माणूस बोलायचं. दुपारी चारला फाटक वाजायचं आणि "अज्जी, तिंडी काय?" अशी आरोळी यायची. तिंडी म्हणजे खाऊ. मला साडेतीनपासूनच ते फाटक ऐकू यायला लागायचं.

तर कळवायचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचपर्यंत कुठलं तरी एक बटण दाबायचं होतं, दुसरी जागा आपोआप जाणार होती. आई-बाप बसने गेल्यावर नात स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"अज्जी, कौल लाव ना."

माझ्या हातातून डाव पडायचा राहिला. "तुझा कधीपासून विश्वास? मागच्या गणपतीला तर म्हणालीस, हे सगळं पाण्याच्या वाफेचं गणित आहे."

"असू दे गणित. तूच सांगतेस ना, तुला पुण्याला जायचं होतं आणि देवीने डावा कौल दिला?"

हो, सांगते. म्हणजे सांगत होते. पन्नास-पंचावन्न वर्षं तीच गोष्ट सांगितली. नवऱ्याला सांगितली, शाळेतल्या बायकांना सांगितली, मुलाला झोपवताना सांगितली. त्या गोष्टीतली मुलगी हुशार, धीट, ट्रंक भरून तयार, आणि ऐन वेळी देवी आडवी येते. ऐकणारे हळहळायचे. खरी मुलगी कशी होती ते आता लिहायला हरकत नाही, कारण तिला ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

खरी मुलगी सतरा वर्षांची, दोन वेण्या, वर्गात पहिली आणि त्याचा भयंकर माज. देवराज मोहल्ल्यात वडिलांचं शिवणकामाचं दुकान, दुकानाच्या मागे दोन खोल्या. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात अप्पा आणि ती, दोघंच. तिला म्हैसूरच्या कॉलेजात जागा मिळाली होती आणि पुण्याच्याही एका मोठ्या कॉलेजात, जिथे आमच्या मोहल्ल्यातलं कोणीच कधी गेलेलं नव्हतं. ही बया महिनाभर सगळ्यांना सांगत सुटली होती, "मी पुण्याला चालले. इथे काय आहे?" भाजीवालीला सांगितलं. समोरच्या सोनाराला सांगितलं. अप्पांनी काही न बोलता तपकिरी लोकरीचं कापड आणलं आणि पुण्याच्या थंडीसाठी तिचा कोट बेतला. आत रेशमी अस्तर, आणि काजं अशी की हात फिरवत राहावं.

मग पुण्याहून लांबच्या नात्यातल्या एक बाई आल्या. मी त्यांना अगदी अदबीने म्हटलं, "बाई, सुम्ने उभ्या का, कुर्चीवर बसा की." सुम्ने म्हणजे उगीच. त्या बाई हसल्या. वाईट नाही हसल्या, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगंबाई, ही मराठी आहे होय? तिकडे आलीस की पोरी तुला रोज बोलायला लावतील, करमणूक म्हणून!"

झालं. धीट मुलगी गार. रात्रंदिवस मला एकच दिसायला लागलं, की एका मोठ्या वर्गात मी उभी आहे आणि तोंड उघडते आहे. पण महिनाभर एवढ्या बढाया मारल्यावर "मला भीती वाटते" असं कुठल्या तोंडाने सांगणार? मग मी अप्पांना म्हटलं, "देवीला विचारू या." अप्पांना ते पटलं. त्यांनी अंघोळ करून पाकळ्या लावल्या. उजवी गळली तर पुणे, डावी गळली तर म्हैसूर. एक गिऱ्हाईक आलं म्हणून ते पाच मिनिटं दुकानात गेले.

पाच मिनिटं पुष्कळ झाली. देवघराच्या कोनाड्यात आईची कुंकवाची पेटी होती. त्या काळी कुंकू टिकावं म्हणून आधी कपाळाला मेण लावायचे, त्या मेणाची डबी पेटीत तशीच होती. मी चिमूटभर मेण काढलं, उजव्या खांद्याला लावलं आणि पाकळी त्यावर दाबून बसवली. आता भूकंप झाला असता तरी ती पडली नसती. अप्पा परत आले. थोड्या वेळाने डावी पाकळी गळून देवीच्या पायाशी पडली. मी रडायचं नाटक केलं. इतकं चांगलं केलं की मला खरंच रडू आलं.

पुढे मैत्रिणींना सांगताना मी आणखी एक पदर जोडला: "आणि अप्पा एकटे पडले असते ना." देवी आणि अप्पा, दोघांच्या आड मी मजेत लपले. म्हैसूरला शिकले, इथेच शाळेत लागले आणि जन्मभर काय शिकवलं, तर भूगोल. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा मी न बघता काढायची. पुण्याच्या जागी खडूचं टिंब असं ठसठशीत द्यायची की खडू मोडायचा.

अप्पा कधी एका शब्दाने बोलले नाहीत. कोट आठ-दहा दिवस दुकानात खुंटीला तसाच टांगलेला होता. मग एका शनिवारी ते उंबऱ्याशी बसले आणि त्यांनी तो सगळा उसवला. अस्तर निराळं केलं, कापड झटकून घडी घातली. त्यातून पुढे कोणाच्या तरी पोरांची दोन जाकिटं निघाली. आठ-दहा दिवस कशाला थांबले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी सुटकेत होते.

आता नात समोर उभी होती आणि म्हणत होती, कौल लाव.

मी अंघोळ केली, शेवंती आणली. उजवी गळली तर दिल्लीकडे, डावी गळली तर बेंगळुरू. पाकळ्या लावताना माझा हात, कसं सांगू, जरा घसरला. उजवीला पाणी अंमळ जास्त लागलं. जास्त पाणी म्हणजे वाळायला उशीर. एवढंच. मेण नाही, काही नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात घसरतोच. मी देवीच्या डोळ्यांकडे न बघता कॉफी गाळायला गेले.

परत आले तर डावी पाकळी खाली. नात मांडी घालून बसलेली, चेहरा पांढरा.

"राहिले अज्जी. बेंगळुरू. देवीनेच सांगितलं."

मला काय झालं म्हणून सांगू! दर शनिवारचं जेवण माझ्या डोळ्यांपुढे आलं. तांदळाची अक्कीरोट्टी, नारळाची चटणी, फाटक. मी आनंदाने देवीला डोकं टेकवायला वाकले, आणि नाकाला स्ट्रॉबेरीचा वास आला.

उजव्या खांद्यावर, पाकळीच्या कडेने, काहीतरी चकाकत होतं. पोरगी ओठांना लावते त्या मलमाचा वास मी घरात कुठेही ओळखीन. माझ्या उशीच्या अभ्र्यालासुद्धा तो असतो.

मी सरळ झाले आणि काहीच बोलले नाही.

हे मी खालच्या आवाजात लिहिते आहे. मी काहीच बोलले नाही. मला हवं होतं ते मला ताटात वाढून मिळालं होतं. मी कोणाला फसवलं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मी अक्कीरोट्टी थापल्या. तिने अर्धी खाल्ली आणि परसात जाऊन नारळाशी बसली. दोन वाजले, अडीच वाजले. मी खिडकीतून बघत होते. तिच्या मांडीवर वही होती, उघडलेली नव्हती. मुंग्यांची रांग तिच्या पायावरून चालली होती आणि ती मुंग्यांकडे बघतसुद्धा नव्हती.

तीन वाजता मी परसात गेले, कठड्यावर बसले.

"काय गं, आपल्या देवीला स्ट्रॉबेरी कधीपासून आवडायला लागली?"

तिने मान वर केली नाही. कान तेवढे लाल झाले. "अय्यो, अज्जी..."

"मलम कशाला खर्चलंस? मेण घ्यायचं. मेण जास्त धरतं. मला विचारायचंस."

मग मी तिला सगळं सांगितलं. बाई, कुर्ची, मेणाची डबी. ती आ वासून ऐकत होती.

"म्हणजे तू मला जन्मभर खोटं सांगितलंस?"

"तुझा जन्म केवढा गं? माझ्या जन्मभर सांगितलं, तुझं त्यात थोडंसं आलं."

"आणि पणजोबांना कळलंच नाही?"

"अप्पांना? छे! भोळा माणूस. सुई सोडून काही दिसायचं नाही त्यांना."

ती हसली नाही. म्हणाली, "तिथे दिल्लीकडे सगळी मोठमोठ्या शाळांतली पोरं आहेत. मुलाखतीच्या दिवशी एक मुलगा काय इंग्लिश बोलत होता! मी एक वाक्य बोलले तर त्याच्या मित्राने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं." मग घाईने म्हणाली, "आणि तू पण एकटी पडशील ना."

"माझं नाव त्यात घालू नकोस. मीही अप्पांचं घातलं होतं."

"पण पडशील की."

"पडीन," मी म्हटलं. यावर खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. "तो माझा प्रश्न. तुझ्या तक्त्यात तो रकाना नाहीये."

"आणि ते हसले तर?"

"हसतील. मला कोणी हसू नये म्हणून मी राहिले, आणि आता बघ, मीच मला हसत बसलेय."

"मग मी काय करू, सांग ना."

"मला मुळीच विचारू नको. सकाळी त्या उजव्या पाकळीला मीपण पाणी जास्त लावलं होतं."

"अज्जी!" ती ओरडली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. "तूपण?"

"मग? दोघींनी मिळून तिचा एक खांदा धरून ठेवला होता. बिचारी काय कौल देणार!"

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही रडले, पण माझं वरून होतं, तिला दिसलं नाही.

नंतर ती आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी देवीच्या खांद्यावरची पाकळी नखाने सोडवली आणि तुळशीत टाकली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होते. पावणेपाचला दार उघडलं. ती बाहेर आली, फ्रीजमधलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "अज्जी, तिकडे थंडी खरंच फार असते का गं?"

"असणार," मी म्हटलं. "मी कुठे गेलेय?"

ऑगस्टमध्ये ती गेली. पहिल्या आठवड्यात रोज फोन. चौथ्या दिवशी रडत म्हणाली, "मला परत यायचंय, मला कोणीच बोलायला नाही." देवी मला क्षमा करो, एक क्षणभर मला बरं वाटलं. मग मी विचारलं, "मुंग्या दिसल्या का तिथल्या?" ती नाक ओढत म्हणाली, "हो, लाल आहेत, मोठ्या," आणि मग वीस मिनिटं मुंग्यांबद्दलच बोलली. पुढे फोन एक दिवसाआड झाला. आता रविवारी येतो, आणि मागे पोरींचा गलका असतो. तिचे दोन-तीन शब्द मला कळत नाहीत आणि मीही विचारत नाही. साडेतीनला फाटक मात्र अजून ऐकू येतं. शरीराची सवय आहे, त्याला काही करता येत नाही.

नवरात्राच्या आधी देव उजळायला काढले. मुलगा-सून कामावर. मी परातीत चिंच कोळून एकेक देव घासत होते. भवानी हातात घेतली तर तिच्या उजव्या खांद्यावर काळा ठिपका. त्या मलमावर महिनोन्महिने निरांजनाची काजळी बसून घट्ट झाली होती. चिंचेने घासलं, निघेना. पुन्हा घासलं. नुसतं निसटत होतं. तेलकट गोष्ट चिंचेला काय दाद देणार? हात भरलेले होते म्हणून मी बसल्या जागेवरून हाक मारली:

"चिंचेने भागत नाही गं बाळे, जरा गरम पाणी दे."

आणि तिथेच थांबले. कारण हे वाक्य माझं नव्हतं. मी नातीला कधी बाळे म्हणत नाही, पुट्टी म्हणते. बाळे मला म्हणायचे.

आई गेल्यापासून आमच्याकडे देव अप्पाच उजळायचे. कौल लागल्यानंतरच्या एका शुक्रवारी ते असेच परात घेऊन बसले होते, आणि त्यांनी मला आतून हाक मारली होती, याच शब्दांत. मी तपेलीत पाणी तापवून नेऊन दिलं होतं. त्यांनी भवानी हातात धरली होती, आणि अंगठा तिच्या उजव्या खांद्यावर होता. माझ्याकडे बघून म्हणाले होते, "ठेव. जा, अभ्यास कर." त्याआधी किंवा त्यानंतर कधी त्यांनी देवांसाठी गरम पाणी मागितलेलं मला आठवत नाही. पितळेला ते लागतच नाही. मेणाला लागतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी कोट उसवला.

म्हणजे त्यांना कळलं होतं. जायचं मलाच नव्हतं हे कळेपर्यंत कोट खुंटीला होता, कळल्यावर उतरला. एक शब्द विचारला असता तर मी त्याच मिनिटाला कबूल झाले असते आणि रडतभेकत का होईना, पुण्याला गेले असते. त्यांनी विचारलं नाही. माझी लाज झाकली, की मी घरात राहिले याचं त्यांनाही बरं वाटलं, दोन खोल्यांत मागे एकटं उरायचं नाही म्हणून? मी जी दुपार अडीच वाजेपर्यंत खिडकीत काढली, ती त्यांनी मरेपर्यंत तीस वर्षं काढली का? आणि मी पोरीला सांगून बसले, भोळा माणूस, सुई सोडून काही दिसायचं नाही.

विचारायला कोणी नाही. चिंच हातावर वाळायला लागली होती. हाक मारून किती वेळ झाला होता कोण जाणे, आतून अर्थातच कोणी आलं नाही. मी भवानीला परातीत आडवी निजवली, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पाणी तापवायला गॅसवर ठेवलं.